आजीच्या शिव्या खाणारा माणूस

आज बचतीचा हिशेब नाही की कर्जाचे हप्ते नाहीत. आज बोलायचंय सिनेमातल्या एका माणसाबद्दल.

माझ्या लहानपणी टीव्हीवर मराठी सिनेमा लागला, की आमच्या ओसरीवर निम्मी आळी जमायची. आजी शेंगा फोडत बसायची. पडद्यावर निळू फुले आले, की तिचा हात थांबायचा. "आला बघ मेला! मुडदा बशिवला त्याचा!" डोक्यावर टोपी, तिरकी नजर आणि तो घोगरा, सावकाश आवाज. आम्ही पोरी आजीच्या पाठीमागं लपायचो.

मोठी झाल्यावर खरा माणूस कळला. निळूभाऊ पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळी होते. पगार महिना ८० रुपये, त्यातले १० रुपये ते राष्ट्र सेवा दलाला द्यायचे. स्वतःची रोपवाटिका काढायचं त्यांच्या मनात होतं, पण भांडवल जमलं नाही. भांडवलावाचून अडलेलं स्वप्न काय असतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

सेवा दलाच्या कलापथकातून ते लोकनाट्यात आले. 'कथा अकलेच्या कांद्याची' गाजलं. १९६८ साली 'एक गाव बारा भानगडी' हा पहिला सिनेमा मिळाला आणि मग पाटील, सरपंच, सावकार अशा भूमिकांची रांगच लागली. तसं १९७९ च्या 'सिंहासन'मध्ये ते पत्रकार दिगू टिपणीसही झाले, पण लोकांच्या मनात बसला तो खलनायकच.

त्यातला १९७५ चा 'सामना' मिळाला तर नक्की बघा. त्यात निळूभाऊ साखर कारखान्याचे सर्वेसर्वा, हिंदुराव धोंडे पाटील. हा पाटील आरडाओरडा करत नाही. गावात आलेल्या मास्तरला वाड्यावर ठेवून घेतो, खाऊपिऊ घालतो. पण मास्तर, म्हणजे डॉ. श्रीराम लागू, एकच प्रश्न विचारत राहतो, की मारुती कांबळे नावाच्या माणसाचं पुढं काय झालं? त्या एका प्रश्नानं एवढा मोठा पाटील हादरतो.

हे आज का सांगते? आमच्या गटात एकदा गावातले एक मोठे गृहस्थ आले. म्हणाले, "ताई, तुम्ही बायकांनी बँकेत कशाला हेलपाटे घालायचे? कोऱ्या चेकवर सह्या द्या, मी बघतो सगळं." आवाज अगदी साखरेत घोळलेला. आम्ही सह्या दिल्या. मीही दिली, बी.ए. शिकलेली असून. त्या पैशांचा हिशेब लागायला दोन वर्षं गेली.

पुढच्या खेपेला ते पुन्हा आले, तेव्हा मागं बसलेल्या एका मावशींनी विचारलं, "भाऊ, चेकवर आकडा किती टाकणार?" ते हसले, चहा मागवायला निघाले. मावशींनी पुन्हा तेच विचारलं. त्या दिवशी एकही सही झाली नाही. घरी जाताना मावशी मला म्हणाल्या, "आवाज ऐकला का ताई? अगदी निळू फुले!"

बायाबापड्यांच्या शिव्या म्हणजे निळूभाऊंच्या कामाला मिळालेली पावतीच. सरकारदरबारी मानही झाला, १९९१ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. पडद्यावर गाव लुटणारा हा माणूस प्रत्यक्षात मात्र सामाजिक कृतज्ञता निधीसाठी, म्हणजे समाजासाठी झटणाऱ्या कार्यकर्त्यांना आधार मिळावा म्हणून, नाटकाचे प्रयोग करत गावोगाव फिरला. अंधश्रद्धेविरुद्धच्या चळवळीतही होता. १३ जुलै २००९ रोजी निळूभाऊ गेले. त्या दिवशी आजी असती, तर तिनंही डोळ्याला पदर लावला असता.

मैत्रिणींनो, वाईट माणूस कपाळावर लिहून येत नाही. तो गोड बोलत येतो. निळूभाऊंनी आयुष्यभर त्याचं सोंग हुबेहूब वठवून आपल्याला त्याची ओळख करून दिली. येत्या बैठकीत कुणी कोरा कागद पुढं सरकवला, तर मागच्या रांगेतून का होईना, पण विचारा, "आकडा किती?"

येते मी. नमस्कार.