प्रवाळांबद्दल बोलायचं तर मालवणातच

ठिकठिकाणच्या समुद्रकाठांवरून आलेले संशोधक, आणि मागच्या रांगांत बसलेले माझे मच्छीमार बंधू-भगिनी,

ही परिषद एखाद्या मोठ्या शहरात सहज भरवता आली असती. ती इथे मालवणातच व्हावी असा आम्ही हट्ट धरला, कारण तुम्ही ज्यांच्याबद्दल बोलणार आहात ते प्रवाळ इथून हाकेच्या अंतरावर, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूच्या खडपांवर आहेत. चित्रात दिसतात तसे ते निळ्याशार पाण्यात नाहीत. पावसाळ्यात नद्यांचा गाळ उतरतो, पाणी गढूळ होतं, आणि तरी ते तग धरतात. मला त्यांचा अभिमान वाटतो.

त्यांचं दुखणं मात्र आमच्याच हातून वाढतं आहे. पर्यटकांना घेऊन होडी येते, थांबायला नांगर टाकते. नांगराचा दात प्रवाळाच्या गड्ड्यात रुततो. निघताना दोराला हिसका बसतो आणि गड्ड्याचा टवका उडतो. असा गड्डा वर्षाकाठी जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो; वीतभर व्हायला वीसेक वर्षं लागतात. शिवाय कुणी त्यावर पाय देऊन फोटो काढतो, कुणी मासे जमावेत म्हणून पाव टाकतो, तुटकी जाळी खडपाला लपेटून राहते. या व्यवसायावर गावातली कितीतरी घरं चालतात, तो बंद करा असं मी म्हणणार नाही. पण होड्या बांधायला कायमचे बोये हवेत, आणि ते कुठे टाकायचे हे तुम्ही व होडीवाल्यांनी मिळून ठरवावं.

लक्षद्वीपचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. 1998 साली समुद्र तापला आणि तिथले प्रवाळ पांढरे पडून मोठ्या प्रमाणावर मेले. पुढे बऱ्याच ठिकाणी ते पुन्हा वाढले. तिथले मच्छीमार खडकांपासून दूर, भर समुद्रात गळाने कुपा मासा धरतात, त्यामुळे खडकांवरचे पोपटमासे राहिले, आणि त्यांनी शेवाळ खाऊन नव्या प्रवाळांना जागा मोकळी ठेवली, असं अभ्यासक सांगतात. म्हणजे मासेमारीची रीतच प्रवाळांच्या कामी आली. पण 2010 आणि 2016 मध्ये पुन्हा उष्णतेचे तडाखे बसले. 1998 मध्ये सुमारे 37 टक्के असलेलं जिवंत प्रवाळांचं आच्छादन 2022 पर्यंत 19 टक्क्यांच्या आसपास आलं. दोन तडाख्यांच्या मध्ये सावरायला पुरेशी सवड मिळेनाशी झाली आहे. समुद्राचं तापणं मालवणकरांच्या हातात नाही. नांगर आणि जाळं आहे.

एक गोष्ट स्पष्टच सांगतो. 1987 साली इथे सागरी अभयारण्य जाहीर झालं, तेव्हा आपला समुद्र आपल्यापासून हिरावला जातोय अशी धास्ती मच्छीमारांनी घेतली. ती अजून पुरती गेलेली नाही. म्हणून पाहुण्यांकडे मागणं आहे: इथे मोजमाप केलंत तर त्याचे आकडे मराठीत, आधी इथल्या लोकांसमोर मांडा. गोबरा मासा कुठे दिसेनासा झाला, पाणी कधीपासून बदललं, हे सांगणारी माणसं याच सभागृहात आहेत. त्यांची नावं तुमच्या निबंधांत माहितीदार म्हणून नकोत, सहलेखक म्हणून यावीत.

आज संध्याकाळचं सत्र त्यासाठीच मोकळं ठेवलं आहे. त्यात व्यासपीठ नसेल, सगळे गोलात बसतील, आणि पहिल्यांदा मच्छीमार बोलतील. जेवण त्यानंतर. या, बसा, आणि भरपूर प्रश्न विचारा.