चालत्या इंजिनाला थांबवणे
(हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थ्यांच्या व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



ज्या सभागृहात पाढे चुकल्याबद्दल मी उभा राहिलो, तेथेच आज बोलण्यासाठी उभे केलेत, याबद्दल संयोजकांचा ऋणी आहे. माझी सारी नोकरी रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये गेली, शेवटची वर्षे येथे रायपुरात. तेव्हा साहित्यावर बोलण्याचे धाडस न करता इंजिनांच्या नियतकालिक देखभालीविषयी बोलतो.

आमच्या पिढीचे इंजिन म्हणजे डब्ल्यूडीएम-२. अमेरिकेतील अल्को कंपनीचा आराखडा; १९६४ पासून ते वाराणसीच्या कारखान्यात बनू लागले. वजन सुमारे ११३ टन, सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती. असे इंजिन बिघडल्यावर शेडमध्ये आणतात, अशी लोकांची समजूत असते. वस्तुतः आमचे बहुतेक काम धडधाकट इंजिनांवर चाले. ठरलेल्या दिवशी, काहीही तक्रार नसताना, ते थांबवायचे आणि उघडून पाहायचे. पंधरवड्याची तपासणी थोडक्यात आटोपे, महिन्यांची मोठी, वार्षिक तपासणीत तर इंजिनाचे अंतरंगच बाहेर येई.

थांबवले की लगेच उघडायचे नाही, हा पहिला धडा. क्रँककेसमध्ये तापलेल्या तेलाची वाफ कोंडलेली असते. झाकण घाईने काढले आणि बाहेरची हवा आत शिरली तर स्फोट होऊ शकतो. म्हणून इंजिन निवेपर्यंत वाट पाहायची. नंतर लांब पहारीसारख्या दांड्याने क्रँकशाफ्ट हाताने थोडा थोडा फिरवायचा आणि त्याच्या दोन भुजांमधले अंतर प्रत्येक स्थितीत मोजायचे. हा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत असतो. तो वाढला, तर शाफ्टचा आधार कोठेतरी खचला आहे असे समजावे. माणसाच्या मुठीत न मावणारे पोलाद, आणि त्याचे दुखणे केसाहून बारीक!

परंतु मला सर्वांत मोह होता तो तेलाच्या परीक्षेचा. वंगणतेलाचा नमुना प्रयोगशाळेत जाळून त्याच्या प्रकाशावरून त्यात कोणता धातू किती, हे दशलक्ष भागांत सांगता येते. तांबे आणि शिसे वाढले तर बेअरिंग झिजते आहे. सिलिकॉन वाढले तर हवेच्या गाळणीतून धूळ आत जाते आहे (आपल्याकडच्या मे महिन्यात याचे नवल नव्हते). सोडियम वाढले तर थंड करणाऱ्या पाण्याचा कोठेतरी तेलात पाझर आहे, कारण त्या पाण्यात सोडियमची रसायने मिसळलेली असतात. इंजिन न उघडता त्याची नाडी हाती येते.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. मी तरुण चार्जमन असताना परप्रांतातील एका शेडमध्ये एका इंजिनाचे सोडियम लागोपाठ दोन नमुन्यांत वाढलेले दिसले. दोन्ही आकडे मर्यादेच्या आत होते. मालगाड्या खोळंबल्या होत्या, इंजिनासाठी दूरध्वनीवर दूरध्वनी येत होते. आमचे वयोवृद्ध मिस्त्री एवढेच म्हणाले, "साहेब, आकडा नका पाहू, चाल पाहा." मी आकडा पाहिला आणि सही केली.

आठव्या रात्री ते इंजिन घाटात, एकेरी मार्गावर बंद पडले. मागे एक प्रवासी गाडी पहाटेपर्यंत अडकली. तिच्यात लहान मुले होती, बिऱ्हाडे होती. इंजिन ओढून आणले आणि उघडले, तेव्हा पाण्याने तेल पातळ होऊन बेअरिंगचा धातू वितळून पसरला होता. शाफ्ट उष्णतेने निळा पडला होता. चौकशी झाली. आकडे मर्यादेत असल्यामुळे माझ्यावर ठपका आला नाही. शिक्षा झाली असती तर कदाचित मी ते प्रकरण विसरलो असतो. मिस्त्रींनी पुढे तो विषय काढला नाही. मीही धीर करून त्यांची क्षमा मागितली नाही. याची रुखरुख आजही आहे.

त्यानंतर सहीपूर्वी नोंदवहीची मागची सहा पाने वाचण्याची सवय लागली. रायपूरला आल्यावर यामुळे वाहतूक विभागाशी माझे अनेकदा वाजले. तीन इंजिने मी केवळ आकड्यांच्या चालीवरून अडवली आणि आत काहीच सापडले नाही. शेडमध्ये थोडी थट्टाही झाली. ती रास्त होती. चौथ्या इंजिनात एका सिलिंडर लायनरच्या रबरी सीलमधून पाणी थेंबथेंब पाझरत होते. सील बदलले, तेल बदलले, आणि तिसऱ्या दिवशी ते गाडी घेऊन गेले. त्याच्या चालकाला यातले काही कळले नाही.

विद्यार्थ्यांपैकी ज्यांना क्रँकशाफ्ट म्हणजे काय ते समजले नसेल, त्यांनी भाषणानंतर फळ्यापाशी यावे. माझी चित्रकला तुमच्या गुरुजींइतकी चांगली नाही, पण खडू मी घरून आणला आहे.