वैनगंगेकांठची पवनी

प्राचीन नगरांची गोष्ट निघाली म्हणजे सुशिक्षित माणसाच्या ओठीं पाटलिपुत्र, उज्जयिनी, पैठण हीं नांवें सहज येतात. पवनीचें नांव घेणारा क्वचितच भेटतो. भंडाऱ्याच्या दक्षिणेस वैनगंगेच्या कांठीं वसलेलें हें गांव भंडारा जिल्ह्यांतील तालुक्याचें ठिकाण आहे. नदीचे घाट, पुष्कळशीं देवळें आणि जुन्या तटाचा दरवाजा एवढें पाहून प्रवासी परततो. ज्या मातीच्या उंचवट्याला तो साधा बांध समजतो तो या नगरीचा प्राचीन कोट होय. एका अंगास वैनगंगा आणि इतर तीन अंगांस खंदक अशी त्याची रचना आहे.

या मातीनें आपलें वय थोडेंथोडें करून सांगितलें. भार कुळांतील भगदत्त राजाचा लेख येथें पावलें कोरलेल्या शिळेवर आढळला. महाक्षत्रप रूपिअम्म याच्या स्मरणार्थ उभारलेला छायास्तंभही येथलाच. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं अशा लेखांचा अर्थ लावून विदर्भाच्या इतिहासांतील कित्येक रिकाम्या जागा भरून काढल्या.

पुढें १९६९-७० सालीं नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनीं डॉ. शां. भा. देव व श्री. जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखालीं येथें उत्खनन केलें. जगन्नाथ टेकडीच्या पोटांतून बौद्ध स्तूप बाहेर आला. त्याच्या दगडी कठड्याचे खांब ब्राह्मी अक्षरांनीं बोलूं लागले. एका खांबावर नागराज मुचलिंद आहे. बोधिप्राप्तीनंतर पाऊस कोसळत असतां त्यानें भगवान् बुद्धावर आपल्या फणांचें छत्र धरलें, अशी ती कथा. त्या काळीं बुद्धाची मानवी मूर्ति घडवीत नसत. म्हणून नागाच्या छायेंत दिसतें तें केवळ रिकामें आसन! हा खांब आतां दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे.

परंतु पवनीचें खरें वैभव दुसऱ्याच एका ओळींत आहे. विसमिता नांवाच्या एका स्त्रीनें येथें दान दिलें आणि त्याबरोबर मागणें कोरविलें. तें स्वतःसाठीं नव्हतें, मुलाबाळांसाठींही नव्हतें. सर्व प्राण्यांना सुख व्हावें, एवढेंच तें होतें. तिचें कुळ कोणतें, घर कोठें होतें, याचा पत्ता लागत नाहीं. राजाचें राज्य गेलें. या बाईची इच्छा मात्र दोन हजार वर्षांहून अधिक काळ दगडावर टिकली.

येथें जर्मनीतील रोथेनबुर्ग या चिमुकल्या नगराची आठवण होते. ३१ मार्च १९४५ रोजीं झालेल्या बाँबहल्ल्यांत त्याच्या मध्ययुगीन तटाचा मोठा भाग कोसळला. पुढें देशोदेशींच्या लोकांनीं द्रव्य पाठविलें, तट पुन्हा उभा राहिला आणि देणाऱ्यांचीं नांवें त्याच तटांतील दगडांवर कोरलीं गेलीं. आज त्या तटावरून चालणारा प्रवासी तीं वाचीत जातो. दात्याचें नांव दगडावर कोरण्याची ही रीत पवनीला कितीतरी शतकें आधीं ठाऊक होती!

फरक आहे तो पुढच्या पिढ्यांच्या वागणुकींत. तेथें पडलेला तट लोकांनीं उचलून धरला. आपल्याकडे जुन्या टेकडीची वीट घराच्या भिंतीला आणि कोरीव शिळा धुण्याच्या दगडाला उपयोगी पडते. त्यांत कोणाचा दुष्टावा नसतो, अज्ञान असतें. संग्रहालय खांब सांभाळील. पण टेकडी उचलून दिल्लीस नेतां येत नाहीं. ती गांवानेंच राखावी लागते. आणि जिची माहिती नाहीं ती वस्तु कोणी राखीत नाहीं.

म्हणून पवनीच्या शाळेंतील मुलांना पाटलिपुत्राआधीं जगन्नाथ टेकडी दाखविली पाहिजे. त्यांनीं अशोकाचें नांव अवश्य पाठ करावें. पण त्याच्या शेजारीं विसमितेचेंही करावें. सर्वांचें सुख चिंतणारी ती बाई त्यांच्याच गांवची आहे.