थंडीत गळाला काय लावावं?

आम्ही वळसंगच्या बचत गटाच्या बाया बोलतोय.

गेल्या बैठकीत आमच्यापुढं एक वेगळाच कर्जाचा अर्ज आला. म्हैस नाही, शिलाई मशीन नाही. तीन हजार रुपये, घरधन्याला गळाची प्लास्टिकची आमिषं आणायला. त्यानं मोबाइलवर अमेरिकेतल्या बास माशाचा व्हिडिओ बघितलेला. काही जणी हसल्या. पण ज्या घराचा बाजार माशावर होतो, तिथं थंडीत गळ कोरडा निघाला की काय होतं, हे आम्हांला ठाऊक आहे. त्यात मार्गशीर्षातल्या गुरुवारी गिऱ्हाईकही फिरकत नाही. म्हणून अर्ज बाजूला न टाकता आम्ही जाणत्या गळवाल्यांना विचारलं.

बास हा मासा आपल्या बोरी-भीमेतला नाही, तो उत्तर अमेरिकेचा. पण तिकडचा एक मुद्दा इकडंही लागू पडतो. पाणी गार झालं की माशाचं अंगही गार होतं. भूक मंदावते, तो आमिषामागं धावत नाही. म्हणून आमिष लहान हवं आणि हळू हलवायला हवं.

आता मासा कुठला, ते बघा. चिलापीला थंडी अजिबात सोसत नाही. पाणी १६ अंशांच्या खाली गेलं तर ती खाणं जवळजवळ सोडते. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. त्यामुळं एकच गळ एकाच खोलीवर सोडून दिवसभर बसण्यात अर्थ नाही. वांब आणि शिंगाड्याला गांडूळ, तेही तळाशी. प्लास्टिकच्या आमिषाला खरं कोण फसतं, तर मरळ. ती शिकारी, हलणाऱ्या वस्तूवर झडप घालते. तिच्यासाठी एखादा रबरी बेडूक घेतला तर पैसे वाया जात नाहीत. जिवंत बेडूक मात्र लावू नका, मोठा बेडूक कायद्यानं संरक्षित आहे.

रोहू-मृगळाला आपल्या घरातलंच चालतं. कणीक, थोडी शेंगदाण्याची पेंड, पाणी घालून घट्ट मळायचं. गोळी हरभऱ्याएवढी, पावसाळ्यातल्यासारखी लिंबाएवढी नको. आणि वरून तेल ओतू नका. थंडीत खोबरेल बाटलीत कसं थिजतं? तसंच गार पाण्यात तेल जाड होतं आणि वास पसरत नाही. पीठ मळणं हे आपलंच काम, त्यामुळं हे आम्हांला लगेच पटलं! मळलेला गोळा ओल्या फडक्यात ठेवा, नाहीतर वाऱ्यानं चिरा पडतात आणि गोळी पाण्यात पडताच फुटते.

वेळेचंही तसंच. पहाटे कुडकुडत जाण्यापेक्षा ऊन चढल्यावर, उथळ पाणी जरा कोमटलं की जावं. दुपारी बारा ते चार बरं. जाण्याआधी तळ्याचा ठेका कुणाकडं आहे ते विचारा. कुरनूर असो की गावतळं, परवानगीशिवाय गळ टाकला तर भांडण घरापर्यंत येतं.

अर्जाचं काय झालं? आम्ही आठशे रुपये मंजूर केले: गळ, दोरी, शिसं आणि दोन रबरी बेडूक. हप्ता महिना शंभर. पेंड तिच्या घरी आहेच. उरलेल्या पैशांचा विचार होळीनंतर, वही बघून करू.