माळव्यातील ख्रिस्ती उपासनेचा समूहस्वर

उज्जयिनी म्हटली की महाकाळाची भस्मारती, क्षिप्रेचे घाट आणि बारा वर्षांनी भरणारा सिंहस्थ यांचेच चित्र मराठी मनापुढे उभे राहते. १८१० पर्यंत शिंद्यांची राजधानी असलेल्या या नगरीशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. याच नगरीत एका ख्रिस्ती धर्मप्रांताचे पीठ आहे, ही गोष्ट मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. तेथील उपासनेत तीन निरनिराळ्या गानपरंपरा एकमेकींसमोर उभ्या आहेत. त्यांनी एकत्र गावे कसे, हा प्रश्न केवळ चर्चपुरता नाही.

हा धर्मप्रांत केरळातील सिरो-मलबार परंपरेचा. १९६८ साली उज्जैन व आसपासचे कार्यक्षेत्र त्या परंपरेच्या धर्मसेवकांकडे आले आणि १९७७ मध्ये त्यास पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. या मंडळींची मूळ उपासनाभाषा सुरियानी, म्हणजे येशूच्या मातृभाषेची जवळची बहीण. १९६२ साली केरळात उपासना मल्याळममध्ये आली. पण अनेक जुन्या सुरियानी चाली नवे शब्द लेवून टिकून राहिल्या. या चाली मूळच्या एकस्वरी. सर्वांनी एकच सूर धरावयाचा आणि गाणाऱ्यांच्या दोन फळ्यांनी आळीपाळीने कडवी उचलावयाची. समोरासमोर दोन रांगांत उभे राहून अभंग म्हणणारे वारकरी ज्याने पाहिले आहेत, त्याला ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही.

दुसरी परंपरा युरोपीय स्वरमेळाची. तीत उंच व खालचे स्त्रीस्वर, उंच व खर्जातले पुरुषस्वर असे चार आवाज एकाच वेळी निरनिराळे सूर लावतात आणि त्यांच्या मिलाफातून गीताचा घुमट उभा राहतो. गोव्यात ही विद्या पोर्तुगीज अमदानीत रुजली; चर्चच्या शाळांतून मुलांना सूर वाचण्याचे शिक्षण मिळे आणि त्या शिक्षणातून निघालेले वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताचे आधारस्तंभ झाले. तिसरी परंपरा घरची, भजनाची. इंदूरकडच्या भागात काम केलेले जर्मन धर्मगुरू जॉर्ज प्रोक्श यांनी हिंदी भजने रचली आणि पुढे मुंबईत अंधेरीस ज्ञान आश्रम स्थापन केला. परदेशातून आलेल्या माणसाने देशी चालीचा आग्रह धरावा आणि येथल्या काहींनी विलायती चालच अधिक पवित्र मानावी, असा हा उलटा न्याय!

अडचण कोठे येते? रागाचा प्राण दोन स्वरांमधील वाटेत असतो; मींड आणि आंदोलन हे त्या वाटेचे अलंकार. चार आवाजांच्या मेळात मात्र प्रत्येक स्वर आपल्या जागी खांबासारखा स्थिर हवा, नाहीतर घुमट ढासळतो. म्हणून भैरवीतील भजनाला चर्चमधील वाद्यावर तिन्ही बाजूंनी साथीचे सूर जोडले की भैरवी उरत नाही, आणि मेळही धड साधत नाही. बाजाच्या पेटीवरही हाच आक्षेप होता. नभोवाणीने १९४० साली पेटीस बंदी केली, ती १९७१ मध्ये शिथिल झाली. तोवर देवळात आणि चर्चमध्ये पेटी निर्वेधपणे वाजतच होती.

शब्दांचीही अशीच कुचंबणा होते. इंग्रजी गीताची चाल आघातावर बेतलेली असते, आपले पद्य ऱ्हस्व-दीर्घाच्या मात्रांवर. विलायती चालीत देशी शब्द कोंबले की ठोका नेमका दुबळ्या अक्षरावर पडतो. मराठी चर्चने हे फार पूर्वी ओळखले. फादर स्टीफन्स यांचे १६१६ साली छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत आहे. अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंगाची वाट धरली. टिळकांची पदे आजही चर्चमध्ये गाइली जातात, याचे श्रेय भक्तीइतकेच त्या छंदालाही आहे.

४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने दोन गोष्टी एकदम सांगितल्या. गायकवृंद जोपासावेत, मात्र जनसमुदायाचा गाण्याचा हक्क हिरावू नये. आणि ज्या प्रदेशांस स्वतःचे संगीत आहे तेथे त्या संगीतास योग्य मान द्यावा. बोलणे सोपे, करणे कठीण. चार आवाजांचा मेळ बसविण्यास महिनोन् महिन्यांची तालीम लागते, आणि तो बसला की समुदाय श्रोता होऊन बसतो. उलट माळव्याच्या खेड्यात कबीराची मंडळी तंबुरा घेऊन बसते तेव्हा एकाने ओळ म्हणावी, साऱ्यांनी उचलावी. तेथे श्रोता असा कोणी उरतच नाही. उज्जैनपासून जवळच, देवासला, कुमार गंधर्वांनी १९४८ पासून अखेरपर्यंत वास्तव्य केले आणि याच मातीतील निर्गुणी भजनांना अभिजात गाण्यात स्थान दिले.

यावर तोड निघणे अशक्य नाही. एस्टोनियाचे संगीतकार आर्व्हो पेर्त यांनी १९७६ पासून एक निराळी शैली वापरली: एक आवाज पायरीपायरीने चाल गातो आणि दुसरा एकाच मूळ स्वरमेळातील सूर घंटेसारखे लावीत राहतो. तानपुऱ्याच्या षड्जाला सरावलेल्या कानास ही रचना लगेच ओळखीची वाटते. माळव्यातील गायकवृंदाला मुख्य चाल समुदायाकडे ठेवून स्वतः षड्ज-पंचमाचा आधार धरता येईल, कडव्यांसाठी सुरियानी रीतीच्या दोन फळ्या करता येतील. अशा रचनेत मींडही जगते आणि वृंदालाही काम राहते. त्यासाठी प्रथम चाली कागदावर उतरल्या पाहिजेत. भजनसंग्रहांत बहुधा शब्दच छापले जातात. चाल एका पिढीकडून दुसरीकडे कानांनी जाते, आणि मूळ गाणारा गेला की तीही जाते. भातखंड्यांची स्वरलिपी हाताशी आहे; तबल्याच्या ठेक्यासह शंभरएक भजने तीत लिहून ठेवणे हे एखाद्या उत्साही वृंदाचे एका वर्षाचे काम होय.