मातीचा कुत्रा आणि कारखान्याची मालकी



आपल्या आरोंद्याकडे गणपतीच्या शाळेत मातीला आकार येतो. इंग्लंडात ब्रिस्टलच्या आर्डमन कारखान्यात तिला चालवतात. वॉलेस हा खटपट्या संशोधक आणि ग्रोमिट हा त्याचा कुत्रा. एक शब्द बोलत नाही, पण अक्कल सगळी त्याच्यापाशी! बाहुली केसभर सरकवायची, चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची. पडद्यावरच्या एका सेकंदाला चोवीस चित्रे लागतात. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी अशीच करामत १९१५ च्या सुमारास आगकाड्यांवर केली होती. निक पार्क यांचा या जोडीचा पहिला चित्रपट १९८९ साली पुरा झाला; त्याला सहाएक वर्षे लागली.

१९९३ च्या चित्रपटात वॉलेसच्या घरी यांत्रिक विजार येते. भाडेकरू पेंग्विन तिचा ताबा घेतो आणि आत झोपलेल्या वॉलेसलाच हिऱ्याच्या चोरीला जुंपतो. यंत्राची कळ कोणाच्या हाती, हा आम्हां संघटनावाल्यांचा जुनाच सवाल.

आर्डमनच्या दोघा संस्थापकांनी २०१८ साली तीन-चतुर्थांश मालकी कामगारांच्या विश्वस्तनिधीकडे सोपविली. आम्हांला त्याचा आनंद आहे. मात्र निधी कामगारांच्या नावे असला, तरी ठरावाच्या वेळी हात कोणाचे मोजले जातात, हे आम्ही विचारणारच.