जाहीर कोणाला?

कोर्टकचेरीचे हेलपाटे घातलेल्या कुणब्याला ‘जाहीर’ हा शब्द ऐकतांच धडकी भरते. जाहीर नोटीस, जाहीर लिलाव! शब्द मूळ अरबी; अर्थ इतकाच कीं जें उघड आहे तें. त्याला फारसी ‘नामा’, म्हणजे लेख, जोडला कीं झाला जाहीरनामा. पण ज्याला अक्षर येत नाहीं त्याला लेख उघड कसा व्हावा?

म्हणून गांवांत दवंडी असे. ती कानाला कळे. मात्र ती देणारा बहुतेक गांवीं महार, आणि तें काम त्याच्या गळ्यांत वतन म्हणून बांधलेलें. सरकारचा हुकूम साऱ्या गांवाला यानें ऐकवावा, आणि त्या हुकुमाची चर्चा चावडींत चाले तेव्हां हा बाहेर उभा! तें वतन १९५८ च्या कायद्यानें गेलें, हें बरेंच झालें.

न ऐकलेल्या जाहीरनाम्याची किंमत आपल्या जिल्ह्यानें मोजली आहे. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुप्याला दंगा उठला, तो पारनेर-श्रीगोंद्यांत आला. कुणब्यांनीं सावकारांचे कर्जरोखे हिसकून जाळले. त्या काळीं सावकारांचे बहुतेक दावे एकतर्फी निकालांत निघत. समन्स घरापर्यंत पोंचलें कीं नाहीं, कोण पाहतो? दप्तरीं मात्र कुणब्याला कळविलेलें असे! १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यानें या प्रकाराला थोडी वेसण घातली.

आज तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला, नगरचें अहिल्यानगर झालें. फेरफाराची नोटीस मात्र अजून चावडीवर डकवतात, आणि हरकतीला मुदत पंधरा दिवसांची. वारसांतून बहिणीचें नांव गळलें, तर सासरीं नांदणाऱ्या बाईला माहेरची चावडी कशी दिसावी? कायदा म्हणतो, ज्याचा हक्क गुंतला त्याला लेखीहि कळवा. तेव्हां पोंच-पावतीवर अंगठा कोणाचा आहे, तेवढें एकदां निरखून पाहा. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्यांत हरकतीला साठ दिवस आहेत. पण ते अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून मोजतात, तुम्ही ऐकल्यापासून नव्हे.

म्हणून येत्या ग्रामसभेंत एवढें मागा: चावडीवर लागलेला प्रत्येक कागद सभेंत मोठ्यानें वाचावा व वाचल्याची नोंद वहींत घ्यावी. आणि वारसनोंदीचा अर्ज देतांना बहिणीच्या सासरचा पत्ता भावानें आपल्या हातानें लिहून द्यावा.